जुन्या घराच्या खिडक्या : एक जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खिडक्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हिशेब जसा दुकानाचा असतो तसा घराचाही असतो, आणि घराच्या हिशेबात जुनी खिडकी जमेच्या बाजूला मांडायची की खर्चाच्या, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना थोडे पदार्थविज्ञान वाचावे लागले, थोडी सुतारकी पाहावी लागली आणि शेवटी आकडेमोड करावी लागली. बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत जुनी घरे अजून पुष्कळ आहेत व आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी अशाच घरांतून येतात. त्यांना काही उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न कसा उद्भवला

आमचे शहापुरातील घर ऐंशी वर्षांपूर्वीचे. भिंती दगडमातीच्या, दोन फूट जाडीच्या. घराला सागवानी खिडक्या सहा. प्रत्येक खिडकी तीन फूट रुंद व चार फूट उंच. दोन झडपा, वरच्या अर्ध्यात काचेची तावदाने, खालच्या अर्ध्यात लाकडी फळी, चौकटीत लोखंडी गज. झडपा बाहेरच्या अंगाला उघडतात आणि आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीएवढा खोल कोनाडा राहतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून पावसाची झड येते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा वारा बोचतो. आमची आजी पश्चिमेच्या खोलीत निजते आणि तिला दमा आहे. दर पावसाळ्यात खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबायच्या आणि त्या ओल्या झाल्या की पिळून पुन्हा कोंबायच्या, असे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आले होते.

काकांचे म्हणणे पडले की पश्चिमेची खिडकी विटांनी बुजवून टाकावी. बाबांचे म्हणणे, साऱ्याच खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात. आजी म्हणाली, "ही खिडकी बुजवलीत तर दिवस उजाडलेला मला कळायचा कसा?" बाबांनी एका दुकानातून अंदाजपत्रक आणले. ती रक्कम धाकट्या बहिणीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काढावी लागणार होती. तेव्हा बाबा मला म्हणाले, "कॉमर्स शिकतोस ना? मग नीट हिशेब करून सांग."

खिडकीतून नेमके काय जाते?

खिडकीमुळे खोली थंड पडते किंवा तापते ती तीन वाटांनी. पहिली वाट वहनाची. काच, लाकूड, धातू यांच्या अंगातून उष्णता सरकत जाते. काच ही लाकडाच्या सुमारे पाच-सहा पट उष्णता वाहून नेते. अॅल्युमिनियम तर लाकडाच्या हजार पटींहून अधिक. उलट, कोंडून स्थिर ठेवलेली हवा लाकडाहूनही कमी उष्णता वाहते. गोधडी ऊब देते ती कापडापेक्षा थरांत अडकलेल्या हवेमुळे, हे आपण शाळेत शिकलो आहोतच.

दुसरी वाट फटींची. तेथून हवाच आतबाहेर करते आणि आपल्याबरोबर थंडी, ओल, धूळ व रस्त्यावरचा आवाज घेऊन येते. तिसरी वाट उन्हाची. साध्या काचेतून सूर्याची बरीचशी उष्णता थेट आत येते आणि जमिनीला, भिंतींना तापवते.

या तीन वाटांपैकी कोणती आधी अडवावी, हाच सगळ्या खर्चाचा कळीचा प्रश्न आहे. बहुतेक लोक काचेकडे बोट दाखवतात, कारण काच डोळ्यांना दिसते. फट दिसत नाही.

फटीचे गणित

आमच्या एका खिडकीचा परीघ चौदा फूट. दोन झडपा मधोमध जेथे मिळतात तो जोड चार फूट. एकूण अठरा फूट, म्हणजे सुमारे ५५० सेंटिमीटर. एवढ्या लांबीवर सरासरी फक्त २ मिलिमीटरची फट आहे असे धरले, तर उघड्या जागेचे क्षेत्रफळ ११० चौरस सेंटिमीटर होते. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ असा की प्रत्येक बंद खिडकीत पोस्टकार्डापेक्षा किंचित लहान असे एक भोक बारा महिने उघडे आहे. सहा खिडक्यांचा हिशेब केला तर पाच पोस्टकार्डांहून मोठी जागा होते.

तावदान फुटून एवढे भोक पडले असते तर आपण दुसऱ्या दिवशी काचवाल्याकडे धावलो असतो. तेच भोक लांबट होऊन चारी बाजूंना पसरले म्हणून ते ऐंशी वर्षे कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

फट कोठे आहे हे शोधायला खर्च येत नाही. वारा असेल त्या संध्याकाळी पंखा बंद करून पेटती उदबत्ती झडपेच्या कडेने हळूहळू फिरवावी. धूर जेथे वाकडा होतो तेथे फट आहे. (पडदा आधी बाजूला सारावा, हे सांगायला नकोच.) दुसरी रीत कागदाची. झडप मिटताना वहीच्या कागदाची पट्टी मध्ये धरावी. मिटल्यावर ती अलगद ओढता आली तर त्या जागी झडप चौकटीला टेकतच नाही. आम्ही खडूने अशा जागांवर खुणा केल्या. पश्चिमेच्या खिडकीवर सर्वांत अधिक खुणा खालच्या कडेला आणि मधल्या जोडावर झाल्या.

रंध्याची घाई

फटी मुळात पडल्या कशा, याचे उत्तर आमच्या मेस्त्रींनी दिले. ते कन्नड बोलणारे. लाकडात टोचणी खुपसून पाहत ते मला म्हणाले, "कट्टिगी गट्टी ऐति, तम्मा. संदी मुच्चु, साकु." म्हणजे लाकूड मजबूत आहे, फट बुजव, पुरे. मराठीत संधी साधायची असते आणि कन्नडात संदी बुजवायची असते, एवढाच काय तो फरक!

त्यांचे सांगणे असे : पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगते व झडप चौकटीत अडकते. मग घरातले लोक घाईने सुताराला बोलावून कडेवर रंधा मारून घेतात. पावसाळा सरला की लाकूड आटते आणि रंधलेल्या जागी कायमची फट राहते. दोन-तीन पावसाळ्यांत असे झाले की झडप चौकटीला लहान पडते. म्हणून अडकणाऱ्या झडपेला भर पावसात रंधा लावू नये. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होऊन झडप खाली ओघळली आहे काय, हे आधी पाहावे. पुष्कळदा अडकण्याचे खरे कारण तेच असते. रंधा मारायचाच तर उन्हाळ्यात, लाकूड कोरडे असताना, दर हंगामाला फुगण्यापुरती जागा ठेवून मारावा.

याच कारणासाठी फटीत कडक पदार्थ भरून भागत नाही. लाकूड फुगले की तो निखळतो किंवा झडप मिटू देत नाही. दाबले की दबणारी आणि सोडले की फुगणारी वस्तू हवी. रबराची पोकळ पट्टी, लोकरीचा नमदा किंवा ब्रशसारखी केसाळ पट्टी यांचा उपयोग आहे तो यासाठी.

कामाचा क्रम

काम ज्या क्रमाने करावे तो क्रम महत्त्वाचा आहे. पट्टी आधी चिकटवली आणि बिजागरी मागून कसली तर पट्टीचे पैसे वाया जातात.

१. प्रथम झडप सरळ करावी. बिजागऱ्यांचे सैल स्क्रू काढून भोकांत लाकडाच्या काड्या सरसाने ठोकाव्यात व स्क्रू पुन्हा कसावेत. कडीकोयंडा असा बसवावा की कडी लावताना झडप चौकटीकडे ओढली जाईल.

२. नंतर तावदाने पाहावीत. काच ज्या लुकणाने बसवलेली असते ते वाळून तडकते व काच खुळखुळते. खडूची पूड आणि जवसाचे तेल (आपल्या कन्नड मित्रांची अगसी) मळून लुकण घरी करता येते. जुने खरवडून, लाकडाला तेलाचा हात देऊन मग नवे भरावे; कोरडे लाकूड लुकणातले तेल शोषून घेते.

३. तिसरे, चौकट आणि भिंत यांमधली भेग. दगडमातीच्या भिंतीला सिमेंट भरले तर ते कडक असल्यामुळे पुन्हा सुटते. आम्ही आत काथ्या ठासून वरून चुना व वाळू भरली.

४. चौथे, पट्टी. झडप मिटल्यावर ज्या खाचेत टेकते त्या खाचेच्या आत, दबली जाईल अशा रीतीने पट्टी बसवावी. फार जाड घेतली तर कडी लागत नाही, फार पातळ घेतली तर ती नुसती शोभेची. मधल्या जोडावर एका झडपेला बाहेरून लाकडी पट्टी ठोकून तिच्या आतल्या अंगाला रबर लावावे.

५. पाचवे, पाणी. झडपेच्या तळाशी बाहेर आलेल्या आडव्या पट्टीच्या पोटात, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच पाडून घ्यावी. पट्टीखालून आत ओढले जाणारे पाणी या खाचेशी थांबते व तेथूनच ठिबकते. चौकटीच्या तळाला पाणी जाण्यासाठी जुन्या सुतारांनी भोक ठेवले असेल तर ते मात्र मोकळेच ठेवावे.

६. शेवटी जवसाच्या तेलाचा किंवा रंगाचा हात. लाकडाची उघडी कड, विशेषतः खालची, कोरडी ठेवू नये. ओल शिरते ती तेथूनच.

दुसरी झडप

फटी बुजल्या की मग काचेचा विचार करावा. थंड मुलुखांत यावर पद्धतशीर प्रयोग झाले आहेत. स्कॉटलंडमध्ये जुन्या लाकडी खिडक्या टिकवायच्या की बदलायच्या, हा आपल्यासारखाच वाद आहे. तेथील हिस्टॉरिक स्कॉटलंड या सरकारी संस्थेने ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाकडून एका जुन्या एकेरी काचेच्या खिडकीची चाचणी करवून घेऊन २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रात्री आतल्या लाकडी झडपा नुसत्या मिटल्या तरी काचेतून जाणारी उष्णता निम्म्यावर येते, आणि आतून दुसरी काच लावली तर ही घट ६० टक्क्यांच्या पुढे जाते, असे त्या प्रयोगात दिसून आले. तेथे घरे तापवावी लागतात, आपल्याकडे नाही. पण उष्णतेचा नियम दोन्हीकडे एकच : मध्ये स्थिर हवेचा थर आला की तिचा प्रवास मंदावतो.

आपल्या जुन्या घरांना येथे एक फायदा आहे. दोन फुटांच्या भिंतीमुळे खिडकीच्या आत जो कोनाडा असतो, त्यात दुसरी झडप सहज मावते. मूळ खिडकीला धक्का न लावता आम्ही पश्चिमेच्या खिडकीला आतून हलक्या लाकडी चौकटीत अॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा बसवून घेतला. तो उन्हाळ्यात काढून ठेवता येतो. उष्णतेच्या दृष्टीने दोन थरांत १५ ते २० मिलिमीटर अंतर पुरते. रस्त्याचा आवाज कमी करायचा असेल तर मात्र १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक हवे. आतली झडप घट्ट व बाहेरची किंचित सैल असावी. तसे नसेल तर खोलीतली दमट हवा मधल्या पोकळीत शिरून थंड काचेवर पाणी धरते.

एवढाही खर्च ज्यांना नको त्यांच्यासाठी जुना उपाय आहे. आपल्याकडे वाकळ आणि कन्नडात कौदी म्हणतात ती जाड गोधडी रात्री खिडकीवर पडद्यासारखी सोडावी. मात्र ती चौकटीच्या चारी बाजूंना पुरेशी पुढे आलेली व खाली टेकलेली हवी. नाहीतर गार हवा तिच्या मागून उतरून खालून खोलीत येते.

उन्हाळ्याचा उपाय याहून वेगळा. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढला तरी उष्णता घरातच राहते. म्हणून ते बाहेरच अडवावे. बांबूचा चिक बाहेरून सोडणे किंवा दुपारी लाकडी झडपाच मिटून घेणे, हे त्यावरचे स्वस्त उपाय. एप्रिलच्या कोरड्या हवेत वाळ्याचा ओला पडदाही गारवा देतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा काही उपयोग नाही.

काय बुजवू नये

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. घर म्हणजे हवाबंद डबा नव्हे. स्वयंपाकघरात गॅस, चूल किंवा शेगडी असते, न्हाणीघरात गॅसचा बंब असतो. अशा खोल्यांतले झरोके कधीही बंद करू नयेत. जळताना हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस दगावतो. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत निजणे तर सर्वस्वी टाळावे. निजण्याच्या खोलीतही छताजवळचा एखादा झरोका मोकळा असावा. तसे केले नाही तर श्वासातली व ओल्या कपड्यांतली वाफ भिंतींवर बसते आणि बुरशी येते. दम्याच्या माणसाला गार वाऱ्याइतकीच बुरशीही बाधते. फट आणि झरोका यांत फरक इतकाच की झरोका आपण हवा तेव्हा उघडतो व मिटतो, फट आपल्याला विचारत नाही.

जमाखर्च

आता आकडे. खाली दिले आहेत ते आमच्या घरचे. दुसऱ्या घरी भाव वेगळे पडतील, पण मांडणी हीच राहील.

नव्या खिडक्यांचा अंदाज असा होता : ७२ चौरस फूट, दर ४५० रुपये, म्हणजे ३२,४०० रुपये. जुन्या चौकटी काढणे, गवंडीकाम व गिलावा ९,००० रुपये. एकूण ४१,४०० रुपये. जुन्या सागवानाचे ६,००० रुपये येणार होते, ते वजा जाता ३५,४०० रुपये.

दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च असा झाला : मेस्त्रींची चार दिवसांची मजुरी ४,००० रुपये, रबरी पट्टी ३६ मीटर, ९०० रुपये, बिजागऱ्या, स्क्रू व कड्या ९०० रुपये, तेल व लुकण ४०० रुपये, चुना, वाळू व काथ्या ३०० रुपये, फुटकी तीन तावदाने ४५० रुपये. बेरीज ६,९५० रुपये. पश्चिमेच्या खिडकीची आतली झडप ३,००० रुपये. सर्व मिळून ९,९५० रुपये. फरक २५,४५० रुपयांचा.

आपल्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर दुरुस्ती हा महसुली खर्च आणि बदल हा भांडवली खर्च. भांडवली खर्च वाईट असे कोणी म्हणत नाही. चौकटीला वाळवी लागली असेल, लाकूड कुजून टोचणी सहज आत जात असेल, तर बदलच करावा. सरकत्या खिडकीला रंग लागत नाही, वाळवी लागत नाही, हेही खरे. पण तिच्या बाजूच्या काही रकमा अंदाजपत्रकात लिहिलेल्या नसतात. ती एका वेळी अर्धीच उघडते, तर आपली दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. आणि बेळगावचा उन्हाळा सुसह्य होतो तो रात्रीच्या मोकळ्या वाऱ्यामुळे. तिच्या धातूच्या चौकटीतून उष्णता सहज वाहते. आणि सरकायचे म्हणजे रुळात थोडी सैलाई ठेवावीच लागते; तेथे पुन्हा ब्रशाची पट्टी आलीच.

आमच्या बाजूच्याही रकमा लपवीत नाही. रबरी पट्टी काही वर्षांनी बदलावी लागेल. दर उन्हाळ्यात तेलाचा हात द्यावा लागेल. आमच्याकडे वातानुकूलन यंत्र नाही, त्यामुळे विजेच्या बिलात बचत दाखवून हा खर्च भरून निघाला असे मला म्हणता येणार नाही. येथे नफा मोजायचा तो वेगळ्या खात्यात : उदबत्तीचा धूर आता सरळ वर जातो, यंदाच्या पावसात आजीचे अंथरूण कोरडे राहिले, चिंध्या कोंबण्याचे काम संपले, आणि बहिणीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम हलवावी लागली नाही. आजीचा दमा खिडकीने बरा होत नाही, औषध चालूच आहे. पण तिला ती खोली सोडावी लागली नाही.

ज्या वाचकांच्या घरी असाच प्रश्न असेल त्यांना माझी विनंती एवढीच की दुकानातून अंदाजपत्रक आणण्याआधी एक उदबत्ती, एक कागदाची पट्टी आणि एक टोचणी घेऊन घरातल्या खिडक्या तपासाव्यात. लाकूड शाबूत आहे की नाही आणि फटींची लांबी किती, एवढे दोन आकडे हाती आले की कोणता खर्च करायचा हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. तपासणी मात्र मार्च-एप्रिलमध्ये करावी. जूनमध्ये लाकूड फुगलेले असते, सुतार कामात असतात, आणि तोवर पाऊस आत आलेला असतो.